धानोऱ्याचे बिनतारी यंत्र

६ एप्रिल १९५७, शनिवार. धानोरा.

डॉक्टर गुणवंतरावांनी आज दोन वह्या दिल्या. एक यंत्रांच्या चाचणीसाठी. दुसरी जास्तीची आली होती, ती मी ठेवून घेतली. रुखमा गेल्यापासून संध्याकाळी बोलायला कोणी नाही. ती होती तेव्हाही मी फार बोलत नसे, पण ती बोलत असे.

काम असे आहे. आमचा फिरता दवाखाना चालवणाऱ्या मंडळाला जीपसाठी बिनतारी यंत्राचा परवाना मिळाला आहे. जोडी घ्यायची, एक यंत्र जीपमध्ये, एक इथे दवाखान्यात. कोणते घ्यायचे ते मी ठरवायचे, कारण तीस वर्षे मी वडशाच्या तारघरात होतो. डॉक्टर म्हणतात, "तुम्हाले तार समजते, मंग बिनतार त्याहून सोपं. तारच नाई."

मी हसलो नाही म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगितले.

गेल्या श्रावणात रुखमा आमच्या लेकीकडे, कमळेकडे, मुरूमगावला होती. ताप चढला तेव्हा ही जीप, डॉक्टरसकट, तिथून आठ मैलांवर उभी होती. निरोप घेऊन गेलेला माणूस धानोऱ्याला आला, तिथून दुसऱ्याच गावाला गेला, आणि जीप त्याला चौथ्या दिवशी भेटली. वडशाला तार आली तेव्हा ड्यूटीवर मी होतो. मीच घेतली.

आता कमळेला दिवस गेले आहेत. जूनअखेर सांगितली आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण माहेर म्हणजे मी एकटा. जावई मुरूमगावच्या शाळेत मास्तर आहेत. कमळा म्हणते, "तिथं येऊन मी तुमचा स्वयंपाक करू का तुम्ही माझा?"

पावसाआधी यंत्र लागले पाहिजे.

९ एप्रिल, मंगळवार.

चांद्याहून खुर्शीदभाई दोन प्रकारची यंत्रे घेऊन आले. त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे. लढाईत उरलेला माल लिलावात घेऊन ते दुरुस्त करतात. मोठे यंत्र हिरवे, वासराएवढे जड, त्याची तार झाडावर चढवावी लागते. लहान यंत्र शाळेच्या दप्तराएवढे. मोठे वीस मैल जाते म्हणतात. लहान किती जाते ते विचारले तर खुर्शीदभाई म्हणाले, "हवा अच्छी राहिली तर पुष्कळ जाते."

दोन्हींचा नियम एकच. बोलायचे तर बटण दाबायचे, ऐकायचे तर सोडायचे. एका वेळी एकानेच बोलायचे. हा नियम मला आवडला.

११ एप्रिल, गुरुवार.

पहिली चाचणी, मोठे यंत्र. ड्रायव्हर लटारू जीप घेऊन लेख्याला गेला, दोन मैल. लटारू चाळिशीचा आहे, कसलाही नाला जीपने उतरतो. यंत्र कसे वापरायचे ते त्याला एकदा सांगितले, लगेच जमले.

मी हाक दिली, "लटारू, ऐकतोस का?" उत्तर नाही. एक मिनिट थांबून पुन्हा दिली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा दिली तेव्हा आवाज आला, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. "हाव, बोला बाबूजी."

सात वेळा करून पाहिले. सातही वेळा तिसऱ्या हाकेला उत्तर आले. वहीत लिहिले.

१७ एप्रिल, बुधवार.

आज जीप पाच मैलांवर. सात वेळा तोच प्रकार. पहिली हाक नाही, दुसरी नाही, तिसरीला स्वच्छ. दोन मैलांना तीन हाका आणि पाच मैलांनाही तीनच, हे मला समजत नाही. यंत्रातल्या काचेच्या नळ्या तापायला वेळ लागत असावा, असे धरले. म्हणून दुपारी लटारूला यंत्र अर्धा तास आधी सुरू करून ठेवायला सांगितले. फरक पडला नाही. मग यंत्रावर ओले फडके टाकून पाहिले, जास्त तापत असेल तर. फरक पडला नाही.

लटारूला विचारले, "माझी पहिली हाक तिकडे येते का?"

तो जीपचे चाक बघू लागला. म्हणाला, "आवाज तं रानात येतच राह्यते, बाबूजी."

माणूस सरळ आहे, पण यंत्राच्या बाबतीत नेमके बोलत नाही.

२४ एप्रिल, बुधवार.

लहान यंत्राची चाचणी. जीपच्या धक्क्यात ते खाली ठेवता येईना म्हणून शकुबाई मांडीवर घेऊन बसली. शकुबाई दवाखान्याची दाई. अर्ध्या तालुक्याची पोरे तिच्या हातावर आली आहेत, आणि त्यांतले जे आता ग्रामपंचायतीत बसतात त्यांनाही ती नावाने ओरडते.

मी हाक दिली, "शकुबाई, ऐकता का..." आणि बटण सोडताच उत्तर आले. "काय आहे?"

दोन मैल, पहिल्या हाकेला. चार मैल, पहिल्या हाकेला. पाच मैलांवर कढईत काही तळत असल्यासारखा आवाज येत होता, पण त्यातूनही पहिल्याच हाकेला, "काय आहे, काय आहे, सांगा ना जी लवकर."

नऊ हाका, नऊ उत्तरे. मला फार समाधान वाटले.

३० एप्रिल, मंगळवार.

अहवाल लिहिला. मोठे यंत्र लांब जाते, पण उत्तर द्यायला तीन हाका घेते. लहान यंत्र तत्काळ उत्तर देते. अडचणीच्या वेळी तत्काळ उत्तर मिळणे महत्त्वाचे, सबब लहान यंत्र घ्यावे. मुरूमगाव पंधरा मैल आहे. लहान यंत्र तिथवर जाते का ते पाहिलेले नाही, कारण तिकडच्या रस्त्यावरच्या पुलाची लाकडे काढली आहेत. पण पाच मैलांवर इतके चटकन बोलणारे यंत्र पुढेही बोलेल, असे मला वाटते. तीन हाका देत बसणे माझ्याने होणार नाही.

डॉक्टरांनी वाचून सही केली. मोठे यंत्र नको म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला. परवा त्यांनी ते जीपमध्ये ठेवून पाहिले होते. यंत्र बसले, औषधांची पेटी बसली, मग रोगी म्हणून लटारूला आडवे केले तर त्याचे पाय डॉक्टरांच्या मांडीवर आले. डॉक्टर म्हणाले, "रोग्याचे पाय दाबत जाणारा डॉक्टर मी नाई."

३ मे, शुक्रवार.

खुर्शीदभाईंना पत्र टाकले की मोठ्या यंत्रात दोष आहे, परत न्यावे. दोष सविस्तर लिहिला.

९ मे, गुरुवार.

खुर्शीदभाई आज मोटारीने आले. पाणीसुद्धा घेतले नाही. माझे पत्र हातात धरून म्हणाले, "बाबूजी, तुम्ही शिकलेले माणूस. मला एवढं सांगा, मशीनला गिनती येते का? ही तिसरी हाक आहे, हे त्याला कोणी सांगितलं?"

मी वही दाखवली. चौदाच्या चौदा नोंदी. त्यांनी वाचल्या, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मी गाडीत बसतो."

जीप लेख्याला गेली. ठरल्या वेळी मी हाक दिली. उत्तर नाही. मिनिटभराने दुसरी देणार तेवढ्यात खुर्शीदभाईंचा आवाज आला. "बाबूजी, तुमची हाक आली. घंटीसारखी साफ. हा तुमचा लटारू हात बांधून बसला आहे."

मागून लटारू म्हणाला, "थांबा ना भाऊ. एकच झाली."

परत आल्यावर लटारूला समोर बसवले. डॉक्टर, शकुबाई, खुर्शीदभाई सगळे होते. लटारूने सगळ्यांकडे एकदा पाहिले. मग म्हणाला, "तुमच्या आईनं तुम्हाले नाई सांगतलं का बाबूजी, रानात कोणी नाव घेऊन बलावलं तं पहिल्या हाकेले ओ देऊ नये म्हणून? ते दोनच हाका देते. तिसरी माणसाची."

आईने सांगितले होते. प्रत्येकाच्या आईने सांगितलेले असते. पण यंत्राला ते लागू असेल, असे माझ्या मनात आले नव्हते.

"अरे, पण हा बाबूजींचा आवाज," डॉक्टर म्हणाले.

"तेच तं. त्याले कोणाचाबी आवाज काढता येते. रानात मी एकटा. माणूस दिसत नाई. आवाज येऊन राह्यला, अन् माझं नाव घेऊन राह्यला. आता तुम्हीच सांगा, याच्याहून ते अजून कसं राह्यते?"

डॉक्टरांनी शकुबाईकडे पाहिले.

मी शकुबाईला विचारले, "मग तुम्ही पहिल्या हाकेला कशा बोललात?"

"मी दाई आहे जी. मले भुतानं बलावलं तरी जाच लागते. भुताची बायको अडली असन तं? तीन हाका मोजत बसली असती तं अर्धी पोरं माझ्याबिगरच झाली असती."

खुर्शीदभाईंनी तोडगा काढला की माणसाचे नाव घेऊच नका, गाडीला हाक द्या. लटारूने विचार केला. "गाडीले बलावलं तं गाडी बोलन. मी काऊन बोलू?"

शेवटी शकुबाईने निकाल दिला. तिन्ही हाका एका दमात द्याव्या. ते प्रत्येक हाकेनंतर दम घेते, एका दमात तीन त्याला जमत नाहीत. हे तिला कसे माहीत, असे डॉक्टरांनी विचारले. ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकात नसन."

लटारूला पटले. लगेच करून पाहिले. "लटारू लटारू लटारू", आणि तिकडून "हाव बाबूजी". अर्धे मिनिटही नाही.

खुर्शीदभाईंनी मग पाणी घेतले, चहा घेतला, आणि जेवून गेले.

१६ मे, गुरुवार.

पुलावर लाकडे पडली. लटारूने दोन्ही यंत्रे मुरूमगावला नेली. लहान यंत्राने सहाव्या मैलानंतर एक शब्द दिला नाही, एका हाकेला नाही आणि वीस हाकांनाही नाही. मोठ्याची तार मोहाच्या झाडावर टाकली, लटारूचा आवाज पंधरा मैलांवरून आला. त्याने कळवले की कमळेने मला वांग्याचे भरीत पाठवले आहे आणि ते वाटेत सांडण्याची शक्यता आहे.

म्हणजे मी अहवालात लिहिले होते तसे झाले असते, तर जीपमध्ये एक दप्तर असते आणि मुरूमगाव होते तिथेच असते. चौदा नोंदी मी स्वतः लिहिल्या. तीस वर्षांत माझ्या हातून तारेचा एक शब्द चुकला नव्हता. यंत्र तपासले, नळ्या तपासल्या, ओले फडके टाकले. माणसाला नीट विचारले नाही.

दुसरा अहवाल लिहिला. डॉक्टर म्हणाले, "पहिल्यावर माझी सही आहे."

"यावरही लागेल," मी म्हणालो.

"लोक म्हणतीन डॉक्टर काहीबी वाचत नाई."

त्यांनी न वाचता सही केली.

२८ मे, मंगळवार.

मोठे यंत्र जीपमध्ये पक्के बसवले. औषधांची पेटी मागे बाहेर बांधली. रोग्याला जागा राहिली. डॉक्टरांना राहिली नाही. ते आता पुढे लटारूशेजारी गुडघे हनुवटीला लावून बसतात. काल बाजारात एका म्हातारीने त्यांनाच रोगी समजून विचारले, "काय झालं जी याले?"

१७ जून, सोमवार.

पाऊस चार दिवस धरून आहे. लटारू लसीची पेटी द्यायला मुरूमगावला गेला तो नाल्याला पूर आल्यामुळे तिकडेच अडकला. जीप शाळेसमोर उभी आहे. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाचला त्याच्याशी बोलतो. आज म्हणाला की मास्तरांच्या घरी त्याला भाताबरोबर रोज अंबाडी मिळते आहे, तरी नाला उतरू द्यावा. कमळा ठीक आहे. अजून दोन आठवडे आहेत.

डॉक्टर सभेसाठी चांद्याला गेले आहेत.

१८ जून, मंगळवार.

आज झाले ते क्रमाने लिहितो.

सकाळी आठला लटारूशी बोलणे झाले. विशेष काही नव्हते. यंत्र बंद करायला हवे होते, बॅटरी वाचावी म्हणून, पण पाऊस होता आणि दुसरे काम नव्हते. ते सुरूच राहिले.

दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी यंत्रातून आवाज आला. "ऐकून राह्यले का?"

रुखमेचा आवाज होता.

रुखमा मला नावाने कधी हाक मारत नसे. स्वयंपाकघरातून एवढेच म्हणे, "ऐकून राह्यले का?" याच तीन शब्दांत, शेवटचा थोडा वर नेऊन. मी यंत्राकडे पाहत बसलो. हात बटणावर होता. बटण दाबले नाही.

पुन्हा आवाज आला. "ऐकून राह्यले का?"

मी तार शिकलो, यंत्राच्या नळ्या कशा तापतात ते मला माहीत आहे. मी लटारूला समोर बसवून विचारले होते. तरी दाबले नाही. भीती वाटली म्हणून नाही, हे इथे लिहितो. उत्तर दिले असते तर कोण आहे ते कळले असते.

तिसऱ्यांदा आला. "ऐकून राह्यले का जी?"

मी बटण दाबले. "ऐकतो," म्हणालो.

"बाबा, केव्हाची बलावून राह्यली मी. बोलत काऊन नाई? शकुबाईले बलवा. माझं पाणी गेलं."

कमळा होती. लटारू नाला पाहायला गेला होता, मास्तर वर्गावर होते. कळ आल्यावर ती पावसातून चालत जीपपर्यंत आली आणि लटारू रोज करतो ते पाहून ठेवले होते तसे केले. एका दमात तीन हाका द्यायच्या असतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मी शकुबाईला हाक मारली. पहिल्याच हाकेला आली.

नाला उतरणार नव्हता. शकुबाईने पदर खोचला आणि यंत्रासमोर बसली. तिने कमळेला आधी घरी पाठवले, मग नाल्यावरून परत आलेल्या लटारूला यंत्रावर पकडले. घरापासून जीप तीस पावलांवर. तिकडे शेजारची चैतूची बायको पाहून सांगणार, लटारू धावत येऊन यंत्रावर बोलणार, आणि शकुबाई सांगेल ते धावत परत नेणार. मास्तर मधल्या अंगणात छत्री धरून उभे होते. ते काय करत होते ते नंतरही कळले नाही.

अडचण एकच होती. शकुबाई बटण सोडत नसे.

"शकुबाई, सोडा. त्याला बोलू द्या."

"मी काऊन सोडू? माझं संपलं नाई."

"तुम्ही दाबून ठेवलं तर तो बोललेलं ऐकू येत नाही."

"त्याले काय बोलायचं आहे? त्यानं ऐकावं."

मग मी तिचा अंगठा धरून बसलो. ती बोलली की दाबायचा, थांबली की उचलायचा. तिकडून लटारू धापा टाकत, "बाबूजी, चैतूची बायको म्हणते डोकं दिसून राह्यलं. मी नाई पाह्यलं. मी डोळे मिटून उभा होतो."

"तुले कोणी पाहाले सांगतलं मेल्या? तिले म्हण जोर नको लावू आता. दम टाक म्हणा."

"दम टाक म्हणू?"

"तू नको टाकू. तिले सांग."

दीड तास. त्या वेळात माझे काम एकच, अंगठा वर आणि खाली. बारा वाजून वीस मिनिटांनी लटारू यंत्रावर आला. नुसते बटण दाबून उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने दाबून ठेवल्यामुळे आम्हाला विचारताही येईना. मी उभा राहिलो. मग तो म्हणाला, "पोरगी आहे. रडून राह्यली. कमळाबाई चांगली आहे, भात मागून राह्यली." आणि मग, "मी बसू का आता?"

शकुबाईने हात झटकून अंगठा चोळला. म्हणाली, "जोर तं मशीनलेच लागला. तुम्ही गप काऊन? पोरीशी बोला."

लटारूने कमळेचा निरोप आणला होता, बाबांना सांगा. मी बटण दाबले. "बरं," म्हणालो. तिकडून लटारूने विचारले, "अजून काही?" मी म्हणालो, "खूप बरं."

२० जून, गुरुवार.

नाला उतरला. शकुबाईला घ्यायला लटारू आला. मीही जाऊन आलो. मुलीला कानशिलावर केस आहेत. कमळा नेहमीसारखी बोलत होती, मी ऐकत होतो. तिथे बसून ऐकताना तो आवाज तिच्या आईचा आहे असे फारसे वाटत नाही. यंत्रातून वाटतो.

२५ जून, मंगळवार.

डॉक्टर चांद्याहून आले. मंडळाला यंत्राच्या उपयोगाचा अहवाल पाठवायचा आहे. गेल्या मंगळवारची हकीकत मी वेळांसकट लिहून दिली. हाक दहा बेचाळीस, उत्तर दहा पंचेचाळीस. छापील कागदावर एक रकाना आहे, विलंब झाल्यास दोष यंत्राचा की माणसाचा, आणि कारण. लिहावे लागले. माणसाचा. माझा. कारण, आवाज ओळखीचा होता.

या वेळी डॉक्टरांनी नेमके सगळे वाचले. रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाबूजी, हे उलटं झालं. आवाज ओळखीचा असन तं माणूस लवकर उत्तर देते. मंडळ विचारन. 'अनोळखी' करा."

त्यांनी पेन पुढे केले. मी ते घेतले, टोपण लावले आणि परत त्यांच्या खिशात ठेवले.

डॉक्टरांनी तेच पेन काढून, लिहिले आहे त्याच्याखाली सही केली.